मधल्या विहिरीची घागर

याहया : मावशी, ती घागर आधी खाली ठेवा बघू.

फेंदा : का रे बाबा? मान माझी, घागर माझी. तुला कशाची कळ येते?

याहया : भरली घागर डोक्यावर घेऊन महाराजांसमोर कुणी जात नाही.

फेंदा : परवा तो वाळवंटापलीकडचा व्यापारी मिठाची एवढी मोठी लादी घेऊन आत गेला. त्याला नाही कुणी अडवलं.

याहया : तो नजराणा होता.

फेंदा : मग हाही नजराणाच. एवढं मीठ खाल्ल्यावर पाणी लागेलच की तुमच्या महाराजांना.

याहया : हळू बोला. दाराशी कुत्री आहेत.

फेंदा : कुत्री आहेत होय? गळ्यात सोन्याचे पट्टे बघून म्हटलं, प्रधान असतील.

याहया : मावशी, नगारा वाजायच्या आत मला तुम्हाला मुजऱ्याची रीत सांगायची आहे. मी महाराजांचा दुभाषा. माझं कामच ते.

फेंदा : दुभाषा कशाला पाहिजे? महाराजांची भाषा आणि माझी भाषा एकच.

याहया : महाराज रयतेशी थेट बोलत नाहीत. ते माझ्याशी बोलतात, मी तुमच्याशी बोलतो. तुम्ही माझ्याशी बोलायचं, मी त्यांच्याशी बोलेन.

फेंदा : आणि ते बसतात किती लांब?

याहया : पाच पावलांवर.

फेंदा : म्हणजे मला सगळं ऐकू येणार, आणि तरी मी बहिऱ्या म्हशीसारखं तुझ्या तोंडाकडं बघत उभं राहायचं.

याहया : तशी रीत आहे. आता नीट ऐका. मुजऱ्याच्या रीती दोनच. देवराईचं दैवत मानणारी माणसं गुडघे टेकतात, मूठभर धूळ उचलतात आणि स्वतःच्या डोक्यावर घेतात. आम्ही बारा मशिदींच्या गावातले, आम्ही गुडघे टेकत नाही. उभ्यानं टाळ्या वाजवतो. महाराज दोन्ही मुजरे आनंदानं घेतात. तिसरा नाही. तुम्ही काय करणार?

फेंदा : कशाला काय भाव आहे, ते आधी सांग.

याहया : भाव नाही हो, न्याय. धूळ घेतलीत, तर तुमच्या विहिरीचा निवाडा देवराईच्या रीतीनं होईल. त्या रीतीत बापाचं सगळं त्याच्या बहिणीच्या मुलाकडं जातं. महाराज स्वतः तसेच गादीवर आले, मामांच्या मागून. म्हणजे विहीर तुमच्या आत्तेभावाची, सुंकारोची.

फेंदा : आणि टाळ्या वाजवल्या तर?

याहया : तर आमच्या काझींचा कायदा. अर्धी विहीर तुमची, एकुलत्या एक लेकीची. उरलेली अर्धी तुमच्या चुलत्यांची, इसहाकशेठची. त्यांचा कागद माझ्याकडं आहे. ते दमेकरी, येऊ शकत नाहीत. आज त्यांच्या वतीनं मीच उभा आहे.

फेंदा : विहिरीचा अर्धा म्हणजे कसा रे? वरचा अर्धा त्यांना आणि खालचा मला? चालेल. वरच्या अर्ध्यात नुसती हवा आहे.

याहया : मावशी, ही चेष्टा नाही. इसहाकशेठ त्यांचा अर्धा मशिदीला देणार आहेत.

फेंदा : देऊ दे की. मशीद काय परकी आहे? दर शुक्रवारी तिथल्या वजूचं, नमाजाआधी हातपाय धुवायचं पाणी माझ्याच विहिरीवरून जातं.

याहया : मशिदीची झाल्यावर पाणी आधी आमच्या माणसांना मिळेल. उरलं तर बाकीच्यांना.

फेंदा : आता कळलं. आणि सुंक्याचा बेत तर तुला ठाऊकच असेल. लांब कशाला, तो बघ आलाच! नवं धोतर नेसून आलाय. माझा बा मेला तेव्हा एवढं कोरं नेसला नव्हता.

सुंकारो : अक्का! दीड कोस चालत आलीस? तेही घागर घेऊन? निरोप धाडला असतास तर गाढव पाठवलं असतं.

फेंदा : गाढव आपण होऊन आलंय की.

सुंकारो : बघा दुभाषेसाहेब, ही अशी बोलते. मी हिच्या पाया पडतो, आणि ही मला लाथ मारते.

फेंदा : पाया पडतोस आणि पायाखालची जमीन काढून घेतोस. विहिरीला दार लावायला निघालाय हा, दुभाष्या! दार! दगडी भिंत, लाकडी दार, वर कडी. अरे, विहिरीला कधी कुणी दार लावलंय?

सुंकारो : तांड्याचा नायक लावणार आहे, मी नाही. त्याचे तीनशे उंट वर्षातून दोनदा जातात. त्यांना पाण्याची खात्री पाहिजे. त्यानं मला दोन उंटिणी आगाऊ दिल्यात, दुभत्या. अक्का, तुला रोज दूध मिळेल.

फेंदा : मला दूध, आणि वाटेवरच्या लोकांना काय? कडी?

सुंकारो : उंट पिऊन झाल्यावर दार उघडेलच की.

फेंदा : तीनशे उंट पिऊन झाल्यावर विहिरीत बेडूकसुद्धा उरत नाही. मग दार उघडायचं कुणासाठी?

याहया : दोघंही शांत व्हा. मावशी, तुमच्या वडिलांनी मरताना काही सांगितलं होतं का? त्यांचा निवाडा कोणत्या रीतीनं व्हावा, असं काही?

फेंदा : माझा बा गुरुवारी देवराईत नागाला बाजरी ठेवायचा आणि शुक्रवारी तुमच्या मशिदीत सगळ्यांत पुढं उभा राहायचा. धर्म न बदलता दोर उधार मिळत नाही, असं तुमच्या पेठेतल्या व्यापाऱ्यांनी त्याला सांगितलं होतं. तर म्हणाला, बरं, दोर तर पाहिजेच. पण दोर देणाऱ्यासाठी नागाला उपाशी का ठेवू?

सुंकारो : मामा मनानं आमचाच होता. धुळीचा माणूस.

याहया : इसहाकशेठ म्हणतात, अखेरच्या दिवसांत ते कलमा पढत होते.

फेंदा : अखेरच्या दिवसांत तो शिव्या देत होता. मी उशाशी होते. मेल्यावर मात्र दोन्हीकडची माणसं धावत आली. एक म्हणतात, कुशीवर ठेवा. दुसरे म्हणतात, वर टेकाड रचा, आत माठ ठेवा, सोबत पांघरूण द्या. मी म्हटलं, त्याला बसवा. आयुष्यभर विहिरीच्या काठावर बसला, तसाच बसू दे.

याहया : आणि?

फेंदा : बसवला. म्हातारा खुश. अजून रात्री खोकतो.

सुंकारो : अक्का, इथं तरी थापा मारू नकोस.

फेंदा : थापा? तू तेव्हा जन्मलाही नव्हतास. दुभाष्या, ऐक. ती विहीर आम्ही सात वर्षं खणली. बा खाली, मी वर. मी होते एवढीशी, टोपलीत माती येणार आणि मी ओढणार. पन्नास पुरुष खोल गेलो तरी पाणी नाही. एक दिवस खालून बा ओरडला, फेंदे, खाली कुणीतरी शिंकलं! आम्ही दोघांनी कान लावले. थोड्या वेळानं जमिनीच्या पलीकडून माणसं ओरडायला लागली, अहो, माती आमच्या जेवणात पडतेय, जरा बाजूला खणा! बाजूला खणलं. तिथं पाणी लागलं.

याहया : हे आत सांगू नका, मावशी. हात जोडतो.

फेंदा : विचारलं तर सांगेन. खोटं मी बोलत नाही.

(आत लाकडी नगारा वाजतो. दार उघडतं. महाराज मांडवाखाली बसलेले, उजवीकडं देवराईचे पुजारी, डावीकडं व्यापारी पेठेतले प्रधान. फेंदा घागर घेऊनच आत जाते.)

सुंकारो : हा मी मुजरा केला, महाराज. ही धूळ माझ्या डोक्यावर. चरणांचा दास.

याहया : महाराज म्हणतात, सुंकारो, ऊठ. आणि म्हणतात, ही बाई उभी का?

फेंदा : म्हणतात काय, मला ऐकू आलं.

याहया : मावशी, माझ्याकडं बघून बोला.

फेंदा : बरं. तुझ्याकडं बघते. सांग त्यांना, माझ्या डोक्यावर घागर आहे. दोन्ही हातांनी धरलीय. एक हात सोडला तर ती डगमगते. धुळीला एक हात लागतो, टाळीला दोन. माझ्याजवळ एकही मोकळा नाही.

याहया : महाराज, ही वृद्धा आपल्या पायांशी नम्रपणे विनवते, की...

फेंदा : मी विनवलं नाही! एवढं लांबवतोस कशाला? पाच पावलं तर आहेत.

याहया : महाराज म्हणतात, घागर खाली ठेव.

फेंदा : सांग, भरली घागर एकटीनं खाली उतरवता येत नाही. फुटते. कुणीतरी उतरवून द्यावी लागते.

सुंकारो : खोटं! ही रोज एकटी उतरवते!

फेंदा : मग ये, तू उतरव.

सुंकारो : मी? मी नाही.

याहया : महाराज विचारतात, सुंकारो, का नाही?

सुंकारो : महाराज... ते आमच्या वाटेवरचं जुनं... काही नाही, बायकांचं खूळ आहे.

फेंदा : खूळ होय? मी सांगते. दुभाष्या, नीट पोचव हं, मध्ये साखर घालू नकोस. आमच्याकडं बाईच्या डोक्यावरची भरली घागर ज्यानं उतरवली, त्यानं मानलं की पाणी तिचं आहे आणि आपण तिचे पाहुणे. जो ते पाणी प्यायला, त्यानंही मानलं. मग त्या पाण्यावर त्यानं पुन्हा हक्क सांगायचा नाही. ही रीत देवराईआधीची आहे. बारा मशिदींच्याही आधीची. महाराजांचे आजोबा कुणाच्या घागरीचं पाणी प्यायले, ते महाराजांना ठाऊक असेल.

याहया : महाराज... महाराजांना ही रीत ठाऊक आहे म्हणतात.

फेंदा : बघ, शिपाई कसे मागं सरले! एकाच्याही हाताला माझी घागर नको. एवढे भाले, एवढ्या ढाली, आणि घागरीला घाबरतात.

याहया : मावशी, आता कायदा ऐका. दोन्ही बाजूंचा मुजरा झाल्याशिवाय फिर्याद उभी राहत नाही. नगारा पुन्हा वाजेपर्यंत दरबार आहे. सूर्य त्या ताडाच्या खाली गेला की वाजेल. तोवर तुम्ही मुजरा केला नाहीत, तर फिर्याद उभीच राहिली नाही असं होईल. विहीर आज जिच्याकडं आहे तिच्याकडं राहील, पुढच्या दरबारापर्यंत.

सुंकारो : पुढचा दरबार चार महिन्यांनी! तांडा पंधरा दिवसांत निघतोय. नायक काय माझ्यासाठी उन्हाळाभर थांबणार आहे?

फेंदा : मग मी थांबते. नगारा वाजेपर्यंत.

सुंकारो : सकाळ आहे अजून, अक्का. तू साठीची. दिवसभर घागर घेऊन उभी राहणार आहेस?

फेंदा : मी पाचव्या वर्षापासून घागर घेते. एकदा वादळात चार दिवस चालत होते, घागर डोक्यावर, वाळू डोळ्यांत. पोचले तेव्हा पाणी थेंबभर कमी झालं नव्हतं. उलट वाढलं होतं.

याहया : महाराज म्हणतात, ते कसं?

फेंदा : त्यांनी विचारलं ना? सांग, मी रडत होते.

याहया : ... महाराज हसले, मावशी.

फेंदा : मला दिसतंय. पण तो डावीकडचा दाढीवाला हसत नाही, आणि उजवीकडचा हाडांची माळ घातलेलाही हसत नाही. दोघांना वाटतंय, आता म्हातारी पडेल. धूळ घेऊन पडते की टाळी वाजवत पडते, एवढंच बघायचंय.

याहया : त्यांचं नाव घेऊ नका. ते खजिन्याचे प्रधान आहेत.

फेंदा : असतील. पण खजिना कशावर चालतो, ते विचार त्यांना. मिठाचं गाढव आत आलं की एक सोन्याचं नाणं, बाहेर गेलं की दोन. बरोबर? आणि ते गाढव आतबाहेर करताना पितं कुठं? आता उजवीकडच्या आजोबांना विचार. देवराईतल्या नागाला रोज एक वाडगं पाणी लागतं. ते कोण भरतं? गेली चाळीस वर्षं मी भरते. त्या नागानं मला कधी विचारलं नाही, की बाई, तू टाळीवाली का धूळवाली.

याहया : हे मी असंच सांगू?

फेंदा : असंच. शब्द बदललास तर मी स्वतः बोलेन, आणि मोठ्यानं बोलेन.

याहया : महाराज, ती म्हणते... जे म्हणाली, ते आपण ऐकलंच असेल.

फेंदा : शाबास. आता तुला काम जमायला लागलं.

सुंकारो : दोन प्रहर झाले, अक्का. कुत्रं तुझ्या पायाशी येऊन बसलं.

फेंदा : बसू दे. घागर पाझरते, त्याला थंड लागतंय. आज इथं सगळ्यांत शहाणं तेच आहे.

सुंकारो : तुझा पाय थरथरतोय.

फेंदा : माझा पाय आहे. थरथरेल, नाचेल, तुला काय?

याहया : मावशी, महाराज विचारतात, या बाईला नक्की पाहिजे काय? तिला अर्धी विहीर मिळत होती. ती नको म्हणते. पूर्ण मागते का?

फेंदा : पूर्ण मागत नाही. पूर्ण आहेच. मला एवढंच पाहिजे, की तिला दार लागू नये. देवराईचं गाव त्या टोकाला, व्यापाऱ्यांचं या टोकाला, मधे तीन कोस घरंच घरं. सगळे येतात. धुळीनं भरलेल्या डोक्याचे येतात, टाळ्या वाजवणारे येतात. मिठाचे, सोन्याचे, कातड्याचे, लग्नाचे, मैताचे. रांगेत उभे राहतात. माझ्याकडं एकच मुजरा आहे, तो म्हणजे दोर ओढायचा. महाराज आले तर त्यांनाही दोर ओढावा लागेल.

याहया : महाराजांनी दोर ओढायचा? हेही सांगू?

फेंदा : सांग ना.

याहया : सांगतो. महाराज, ती म्हणते, विहिरीला दार नको. आणि आपण गेलात, तर... दोर ओढावा लागेल.

फेंदा : बरोबर. आणखी एक सांग. महाराजही माझ्यासारखेच उभे आहेत. त्यांच्या एका हातात देवराई, दुसऱ्या हातात पेठ. एक सोडला तर राज्य डगमगतं. सबंध आयुष्य त्यांनी दोन्ही हात भरलेले ठेवले, आणि मला म्हणतात, एक मोकळा कर.

याहया : मावशी, हे मी नाही सांगणार. माझी मान जाईल.

फेंदा : नको सांगूस. त्यांनी ऐकलंय. बघ, मान खाली घातली.

सुंकारो : अक्का, बस झालं आता. सूर्य ताडाच्या वर आहे अजून, चांगला हातभर वर. तुझी मान बघ. शिरा बघ मानेच्या.

फेंदा : बघू नकोस मग.

सुंकारो : पाणी सांडायला लागलंय.

फेंदा : थेंबभर.

सुंकारो : थेंबभर नाही, कपाळावरून ओघळतंय. ती बघ, घागर वाकडी झाली. अक्का! हात निसटतोय तुझा!

फेंदा : निसटला तर फुटेल. तुझं काय जातंय? तुला तर बरंच. फुटली की हात मोकळे.

सुंकारो : गप्प बस जरा! ... धर. सोड, सोड आता, मी धरलीय. हळू. वाक. अगं, वाक ना थोडी. हां. ठेवली.

याहया : सुंकारो.

सुंकारो : काय?

याहया : तुम्ही काय केलंत?

सुंकारो : घागर उतरवली. मोडली असती ना तिची मान.

याहया : महाराज विचारतात, काय केलंस ते समजलं का तुला?

सुंकारो : समजलं, महाराज. हात आधी गेले, समजलं नंतर. माझी आई मला हिच्या पाठीवर बांधून शेतात जायची. पाठीवर मी, डोक्यावर घागर. मी तिच्या मानेला धरून बसायचो. त्या मानेच्या शिरा मला पाठ आहेत. मला नाही बघवलं.

फेंदा : एवढी माणसं बघतायत. नाक पूस.

सुंकारो : तू पूस तुझं कपाळ.

याहया : महाराज म्हणतात, सुंकारोचा हक्क सुंकारोनं स्वतः उतरवून ठेवला. आता इसहाकशेठ उरले. त्यांचा कागद... माझ्याकडं आहे.

फेंदा : सकाळपासून दोघांच्या वतीनं बोलतोयस, दुभाष्या. घसा कोरडा पडला असेल. कमरेचं वाडगं भरलंय, हे घे पाणी. गार आहे, दिवसभर माझ्या डोक्यावर होतं.

याहया : मावशी, मी प्यायलो तर...

फेंदा : तर काय, ते तुला ठाऊक आहे. म्हणून तर देतेय. फसवून नाही, सांगून देतेय.

याहया : इसहाकशेठ मला पेठेत उभं करणार नाहीत.

फेंदा : मग माझ्या रांगेत उभा राहा. तिथं कुणालाही उभं करतात.

याहया : ... बिस्मिल्ला. ... या अल्ला, काय गार आहे.

फेंदा : आणखी?

याहया : द्या. ... महाराज, इसहाकशेठचा कागद मी परत नेईन. त्यावर काही वाचण्यासारखं उरलेलं नाही. घाम लागून शाई गेली.

फेंदा : थाप.

याहया : तुमच्याकडूनच शिकलो, सकाळपासून. ... मावशी, महाराज म्हणतात, आता तुमचे हात मोकळे झाले. आता तरी मुजरा होऊ दे. धूळ किंवा टाळी.

फेंदा : मोकळे कुठं? वाडगं आहे हातात. हे त्यांना दे.

याहया : महाराजांना?

फेंदा : ते तर सगळ्यांत आधीपासून बसलेत. ओठ वाळलेत, पाच पावलांवरून दिसतंय.

याहया : महाराज म्हणतात, त्यांना तहान नाही.

फेंदा : आहे. पण प्यायले तर माझे पाहुणे ठरतील, आणि उजवीकडचा आणि डावीकडचा, दोघंही रात्रभर झोपणार नाहीत. बरं, राहू दे. तहान लागणं हा काही गुन्हा नाही.

याहया : महाराज म्हणतात, विहिरीला दार लागणार नाही. देवराईनं लावायचं नाही, मशिदीनं लावायचं नाही. तांड्याच्या नायकाला पेठेतून निरोप जाईल. आणि म्हणतात... घागर इथंच राहू दे.

फेंदा : राहील. रिकामी झाली की पाठवून द्या. कोणी रिकामी केली, ते मी विचारणार नाही.

याहया : आणि मुजरा?

फेंदा : येते म्हणावं त्यांना. आमच्याकडं जाताना ‘येते’ म्हणतात, तोच मुजरा. बाजूला हो रे कुत्र्या. सुंक्या, चल. मला हात दे, पाय बधिर झालेत.

सुंकारो : धर. ... अक्का, नायकाला त्या उंटिणी परत द्याव्या लागतील.

फेंदा : दे. नाहीतर ठेवून घे आणि त्याला सांग, अक्कानं अडवल्या. मी बघते त्याच्याकडं. एकदा एका तांड्याच्या नायकाला मी टोपलीत बसवून विहिरीत सोडलं होतं, तीन दिवस खालच्या माणसांकडं पाहुणा होता...

सुंकारो : अक्का.

फेंदा : बरं. दोन दिवस.

सुंकारो : उद्या मी येऊ का? सकाळी, दोर ओढायला?

फेंदा : ये. पण लवकर ये. गाढवं आधी येऊन उभी असतात, आणि त्यांची जागा मी कुणाला देत नाही.